तिथले तांबट कोण?

गेल्या रविवारी आत्याचा फोन आला. कपाट आवरताना तिला अण्णांच्या जुन्या डब्यात कागदात गुंडाळलेला एक हिरवट-काळा दगड सापडला होता. "तूच आणला होतास ना गं हा? टाकू का ठेवू?"

मी जवळजवळ ओरडलेच. "आत्या, टाकू नकोस! दगड नाहीये तो, तांबं आहे!"

घरच्या मंडळींना ही गोष्ट माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. अण्णा म्हणजे माझे आजोबा. कसब्यातल्या तांबट आळीत त्यांचं आयुष्य गेलं. हंडे, घंगाळी, बंब, पुढे पुढे नुसतेच पूजेचे तांबे आणि पळ्या. २००५ ते २००७ मी अमेरिकेत मिशिगन राज्याच्या अगदी उत्तर टोकाला, होटन नावाच्या गावात शिकायला होते. परत येताना सगळ्यांसाठी चॉकलेटं आणली आणि अण्णांसाठी हा तुकडा. दुकानात दहा-बारा डॉलरला मिळाला होता. तिथे हे असे तुकडे जमिनीत सापडतात, धातूच्याच रूपात. म्हणजे खनिज काढा, भट्टीत वितळवा, शुद्ध करा, ही भानगड नाही. जमिनीतून निघतं तेच तांबं.

अण्णांचा विश्वासच बसला नाही. त्यांनी तो तुकडा हातात जोखला, नखाने खरवडला, मग भट्टीपाशी नेला. एक कोपरा लाल होईपर्यंत तापवला, ऐरणीवर धरला आणि ठोकला. कोपरा पानासारखा पसरला. "मऊ आहे," म्हणाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तिथले तांबट कोण?"

मी म्हटलं, तिथे तांबट नाहीत, कंपन्या होत्या, आता त्याही नाहीत. अण्णांना हे उत्तर काही पटलं नाही. खरं सांगायचं तर दोन वर्षं तिथे राहून मलाही नीटसं माहीत नव्हतं. परीक्षा, असाइनमेंट, बर्फ उपसणं आणि कुणाच्या तरी गाडीतून भारतीय दुकान गाठण्यासाठी तासन्‌तास प्रवास, यात इतिहास कुठे शिरणार? अण्णा गेल्यावर मात्र तो प्रश्न मागे लागला. मग वाचत गेले, आणि गेल्या जुलैत आईला घेऊन पुन्हा तिथे जाऊनही आले. त्याबद्दल लिहायचं राहूनच गेलं होतं. आत्याच्या फोनने मुहूर्त लागला.

तर आधी जागा. अमेरिका आणि कॅनडाच्या मध्ये जी पाच मोठी सरोवरं आहेत त्यांतलं सर्वांत मोठं सुपीरियर. क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त. सर्वांत खोल जागी चारशे मीटरच्या वर पाणी. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "सरोवर कसलं, समुद्र आहे हा!" मग पाणी चाखून पाहिलं आणि गप्प झाली. या सरोवराच्या दक्षिण काठावरून एक बोट आत घुसलेलं दिसतं. वर जाता जाता पूर्वेकडे वाकलेलं, कुणाला तरी बोलावल्यासारखं. तोच हा कीविनॉ द्वीपकल्प.

कीविनॉ हे नाव ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलं आहे. अर्थ साधारण असा, की जिथे नाव खांद्यावर घेऊन ओलांडायचं ती जागा. होडीने काठाकाठाने जाणाऱ्या माणसाला हे टोक वळसा घालून जाणं फार लांबचं आणि धोक्याचं. पण द्वीपकल्पाच्या मधोमध एक लांबोडकं तळं आहे. त्या तळ्यातून होडी वल्हवत जायचं, उरलेला थोडा जमिनीचा पट्टा होडी उचलून पार करायचा, की पलीकडे पुन्हा सुपीरियर. जागेला नाव दिलं ते तिथे माणसं काय करतात त्यावरून. पुढे एकोणिसाव्या शतकात तो जमिनीचा पट्टा खोदून जहाजांसाठी कालवा केला गेला. त्यामुळे काटेकोर बोलायचं तर द्वीपकल्पाचा उत्तरेकडचा भाग आता बेट आहे, आणि होटन नि पलीकडचं हॅनकॉक यांना जोडणारा उचलता येणारा पूल हाच त्यावर जायचा एकमेव रस्ता. आत्ताचा पूल १९५९ सालचा. मी राहायची ते घर पुलाच्या अलीकडे आणि स्वस्त किराणा पलीकडे, त्यामुळे जहाजासाठी पूल वर गेला की थंडीत कुडकुडत उभं राहायचं. असो.

आता तांबं तिथे आलं कुठून? इथे पुणेकरांनी जरा लक्ष द्यावं. सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका खंड मधोमध फाटायला लागला होता. फाटता फाटता थांबला, पण त्या भेगेतून लाव्हाचे थरांवर थर बाहेर आले. आपला सह्याद्रीही असाच थरांचा, फक्त तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्यामानाने तान्हा. लाव्हा थंड होताना वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकतात, त्यांच्या पोकळ्या राहतात. आपल्याकडे त्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट स्फटिक भरले. खाणीवाल्यांकडून आणून शोकेसमध्ये ठेवतात ते, झिओलाइट. कीविनॉत पुढे खालून गरम पाणी वर आलं, त्यात तांबं विरघळलेलं होतं, आणि ते त्या पोकळ्यांत, भेगांत, गोट्यांच्या थरांत बसलं. एकाच तऱ्हेचा दगड, पण आपल्याला स्फटिक मिळाले आणि त्यांना तांबं!

हे थर मध्ये खचून सरोवराखाली वाडग्यासारखे वाकले आहेत. एक कड कीविनॉत वर येते, दुसरी थेट पलीकडे आइल रॉयल नावाच्या बेटावर. नंतर हिमनद्यांनी वरची माती खरवडून काढली आणि तांब्याचे गोळे उघड्यावर पडले. अण्णांचा तुकडा त्यांतलाच.

ते उघडं तांबं पहिल्यांदा कुणी उचललं? सात हजार वर्षांहून आधीपासून तिथली माणसं ते वापरत होती. कीविनॉत आणि आइल रॉयलवर त्यांचे खड्डे हजारोंनी सापडले आहेत, आणि खड्ड्यांपाशी दगडी हातोडे. त्या तांब्याचे भाले, सुऱ्या, मासे धरायचे गळ, सुया, मणी सुपीरियरपासून फार दूरदूर मिळतात. आणि ते बनवायची पद्धत? ठोकायचं. ठोकून ठोकून तांबं ताठलं, तडकायला लागलं, की विस्तवात घालून लाल करायचं, नरम पडलं की पुन्हा ठोकायचं. हे मी पहिल्यांदा वाचलं ते होटनच्या नव्हे, पुण्याच्या घरी, आणि पुस्तक मिटून बसून राहिले. कारण अण्णा नेमकं हेच करायचे. त्यांनी त्या दिवशी तो कोपरा तापवून ठोकला तेव्हा ते त्या तुकड्याशी अगदी तिथल्या रीतीनेच वागले होते, हे ना त्यांना ठाऊक ना मला.

म्हणजे प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. तिथे तांबट होते. मग ते गेले कुठे?

१८३७ मध्ये मिशिगन राज्य झालं. त्याआधी त्यांचा शेजारच्या ओहायोशी टोलेडो गावावरून सीमावाद चालू होता. (सीमावाद म्हटलं की आपले कान टवकारतात!) टोलेडो ओहायोला गेलं आणि भरपाई म्हणून मिशिगनला हा उत्तरेचा जंगलाचा नि बर्फाचा तुकडा मिळाला. मिशिगनवाले नाखूश होते. मग राज्याचे पहिले भूवैज्ञानिक डग्लस होटन यांनी पाहणी करून १८४१ साली अहवाल दिला, की इथे तांबं आहे. तो अहवाल तसा सावध होता, लोकांनी धावत सुटू नये असंच त्यांचं म्हणणं होतं. पण असले इशारे कोण ऐकतो? १८४२ साली ओजिब्वे लोकांशी ला पॉइंटचा तह होऊन ही सगळी जमीन सरकारने घेतली. १८४३ पासून माणसांचा लोंढाच सुरू झाला. होटन स्वतः ऑक्टोबर १८४५ मध्ये ईगल रिव्हरजवळ वादळात होडी उलटून बुडाले. वय अवघं ३६. माझ्या गावाला त्यांचं नाव आहे, आणि दोन वर्षं मी तो पत्ता लिहीत होते तो कुणा बुडालेल्या माणसाचा आहे हे मला ठाऊकही नव्हतं.

१८४३ सालचीच आणखी एक गोष्ट. द्वीपकल्पाच्या मुळाशी ऑन्टोनॅगन नदीत शुद्ध तांब्याचा एक प्रचंड गोटा होता, सुमारे १,७०० किलोचा. ओजिब्वे त्याला पवित्र मानत. डेट्रॉइटच्या एका व्यापाऱ्याने तो महत्प्रयासाने नदीतून काढला, मग सरकारने तो त्याच्याकडून ताब्यात घेतला, आणि आज तो वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. १९९१ साली कीविनॉ बे इथल्या ओजिब्वे समाजाने तो परत मागितला. मिळाला नाही. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे देव नेला की!" इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट इतक्या थोडक्यात लिहिलेली मला सापडली नाही.

त्यानंतरचं सगळं म्हणजे कंपन्यांची गोष्ट. पैसा मुख्यतः बॉस्टनचा. क्लिफ नावाची खाण १८४५ साली सुरू झाली आणि भरपूर नफा देणारी ती पहिली. सुरुवातीच्या खाणींत तांब्याचे अगडबंब गोळे मिळायचे. ऐकायला छान, पण ते काढणं महाकठीण. दगड सुरुंगाने फुटतो. तांबं फुटत नाही, नुसतं वाकतं. मग माणसं छिन्नी-हातोडा घेऊन बसत आणि एका गोळ्याचे वर काढण्याजोगे तुकडे पाडायला महिनेच्या महिने लागत. मला वाटतं हे काम अण्णांना चटकन समजलं असतं. तांबं कापायचं म्हणजे घाई चालत नाही.

पुढे १८६४ मध्ये कॅल्युमेटचा समृद्ध थर सापडला आणि कॅल्युमेट अँड हेक्ला ही कंपनी उभी राहिली. या कंपनीचे अध्यक्ष अलेक्झांडर अगासी हे मूळचे सागरी जीवशास्त्रज्ञ. हिमयुगाची कल्पना मांडणाऱ्या लुई अगासी यांचे चिरंजीव. तांब्याच्या पैशातून त्यांनी हार्वर्डचं प्राणिशास्त्राचं संग्रहालय वाढवलं, जगभर प्रवाळ बेटांच्या मोहिमा काढल्या, अगदी मालदीवपर्यंत. म्हणजे कीविनॉच्या अंधारात कुणीतरी दगड फोडत होतं आणि त्यावर हिंदी महासागरातल्या प्रवाळांचा अभ्यास चालला होता. अगासी वाईट माणूस होता असं मला म्हणायचं नाही. कंपनीने कामगारांना घरं दिली, दवाखाना, वाचनालय, स्नानगृह दिलं. पण घर कंपनीचं, घराखालची जमीन कंपनीची, आणि नोकरी गेली की घरही गेलं.

कामाला माणसं आली ती जगभरातून. आधी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले खाणकामगार, पिढीजात कसबी. त्यांच्याबरोबर पॅस्टी आली. ही पॅस्टी म्हणजे तळहाताहून मोठी करंजी, आत मांस, बटाटा, कांदा. आज ती तिथली ओळख आहे. (आईला बटाट्याची मिळाली. "मीठ कमी आहे, पण तुझ्या पहिल्या करंज्यांपेक्षा बरी," असा शेरा.) मग आयरिश, जर्मन, इटालियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन, आणि मोठ्या संख्येने फिनलंडची माणसं. फिनिश लोकांनी १८९६ साली हॅनकॉकला आपलं कॉलेज काढलं, ते २०२३ साली बंद पडलं. नव्याने आलेल्याला सर्वांत कष्टाचं काम, हा नियम तिथेही होताच. दगड भरून ढकलायच्या गाड्यांवर बहुधा फिनिश आणि पूर्वेकडचे लोक.

हॅनकॉकच्या टेकडीवरची क्विन्सी खाण आता पाहता येते. १८४६ ते १९४५ अशी ती चालली. दुसऱ्या क्रमांकाचा तिचा तिरका बोगदा नऊ हजार दोनशे फुटांहून लांब गेला आहे. आत थोड्याच अंतरापर्यंत नेतात, बाकी सगळं पाण्याने भरलेलं. मार्गदर्शकाने सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितले, नुसती एक मेणबत्ती ठेवली. आईने माझा हात धरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत या तांब्याच्या पट्ट्यात सरासरी आठवड्याला एक माणूस खाणीत मरत असे. कधी छत कोसळून, कधी सुरुंगाने, कधी नुसता पडून.

त्यात कंपन्यांनी नवं ड्रिल आणलं. आधीच्या यंत्राला दोन माणसं लागायची, याला एकच. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं 'विधवा करणारं', कारण एकटा माणूस अंधारात जखमी झाला तर हाक कुणाला मारणार? २३ जुलै १९१३ ला संप सुरू झाला. आठ तासांचा दिवस, रोज तीन डॉलर, एकट्याचं ड्रिल नको, आणि संघटनेला मान्यता, या मागण्या. ॲना क्लेमेंक नावाची एक उंच तरुणी भलामोठा झेंडा खांद्यावर घेऊन रोज मोर्चाच्या पुढे चालायची.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी संपकऱ्यांच्या बायकांनी मुलांसाठी समारंभ ठेवला. कॅल्युमेटच्या इटालियन हॉलमध्ये, वरच्या मजल्यावर. गाणी झाली, खाऊ वाटणं चाललं होतं. कुणीतरी ओरडलं, "आग!" आग कुठेच नव्हती. सगळे एका जिन्याकडे धावले, पुढचे पडले, मागचे त्यांच्यावर. ७३ माणसं गेली. त्यांतली ५९ मुलं. बहुतेक फिनिश घरांतली.

ओरडलं कोण, हे कधीच ठरलं नाही. काही साक्षीदारांनी सांगितलं की त्या माणसाच्या कोटावर संपविरोधी संघटनेचा बिल्ला होता. दारं आत उघडणारी होती म्हणून माणसं चेंगरली, ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली, नंतरच्या अभ्यासकांनी ती खोडून काढली. दोन दिवसांनी संघटनेचे अध्यक्ष चार्ल्स मॉयर यांना मारहाण करून, गोळी घालून, जखमी अवस्थेत आगगाडीत बसवून गावाबाहेर काढलं गेलं. एप्रिल १९१४ मध्ये संप मिटला, म्हणजे मोडला. वुडी गथ्री या गायकाने त्या रात्रीवर गाणं केलं, आणि मला लाज वाटते सांगायला, मी तिथे असताना ते गाणं एका मित्राच्या खोलीत ऐकलं होतं आणि हे आपल्या गावापासून वीस किलोमीटरच्या आसपासचं आहे हे डोक्यातच आलं नव्हतं.

हॉल १९८४ साली पाडला. दाराची कमान तेवढी ठेवली आहे, हिरवळीत एकटीच उभी. आम्ही गेलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. आई कमानीतून आत गेली, पलीकडे गवतात उभी राहिली, आणि परत येताना कमानीतून न येता बाजूने आली. मी काही विचारलं नाही.

१९१० साली होटन जिल्ह्यात ८८,०९८ माणसं होती. २०२० च्या जनगणनेत ३७,३६१. खोल जाण्याचा खर्च वाढत गेला, पश्चिमेकडच्या खाणींचं तांबं स्वस्त पडू लागलं. १९६८ मध्ये कॅल्युमेटला पुन्हा संप झाला आणि त्यानंतर कंपनी उठली ती उठलीच. सगळं मिळून या चिंचोळ्या पट्ट्यातून सुमारे पन्नास लाख टन तांबं बाहेर गेलं. तारा झाल्या, नळ झाले, तोफांचं पितळ झालं. तिथे राहिलं काय, तर बर्फ आणि वाळू.

बर्फाचं थोडक्यात सांगते, कारण त्याच्या तक्रारी नातेवाइकांनी त्या काळी पुष्कळ ऐकल्या आहेत :-) हिवाळ्यात वायव्येचा कोरडा गार वारा न गोठलेल्या सरोवरावरून येतो, बाष्प उचलतो, आणि द्वीपकल्पाच्या कण्यावर चढताना टाकून देतो. आपल्या घाटमाथ्यावर पाऊस पडतो तसंच, फक्त पांढरं. १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच पडला, जवळजवळ दहा मीटर. तो आकडा दाखवणारी उंच पट्टी रस्त्याच्या कडेला उभी केली आहे. आई तिच्या पायथ्याशी उभी असलेला फोटो आहे, त्यात आई शोधावी लागते.

वाळू मात्र नीट सांगायला हवी. कॅल्युमेटसारख्या खाणींत तांबं बारीक कणांत विखुरलेलं असे. तो दगड गिरण्यांत कुटायचा, पाण्याने तांबं वेगळं करायचं आणि उरलेला काळा चुरा पाण्यात सोडून द्यायचा. टॉर्च लेक नावाच्या तळ्यात असा सुमारे वीस कोटी टन चुरा गेला, तळ्याचा पाचवा हिस्सा भरला. पूर्व किनाऱ्यावर गे नावाचं गाव आहे, तिथल्या दोन गिरण्यांनी १९०१ ते १९३२ या काळात दोन कोटी टनांहून अधिक चुरा थेट सुपीरियरमध्ये टाकला. गिरण्या गेल्या, एक उंच धुराडं उरलंय. पण चुरा जागेवर राहिलेला नाही. लाटा तो दक्षिणेकडे ढकलतात, दरवर्षी थोडा थोडा, आतापर्यंत आठेक किलोमीटर. खालच्या ग्रँड ट्रॅव्हर्स बंदराचं तोंड त्यामुळे पुन्हा पुन्हा उपसावं लागतं. आणि वाटेत बफेलो रीफ नावाचा खडक आहे, पाण्याखाली. लेक ट्राउट आणि व्हाइटफिश हे मासे तिथे दगडांच्या फटींत अंडी घालतात. फटी चुऱ्याने भरत चालल्या आहेत, आणि चुऱ्यात तांब्याचे कण आहेत, जे पाण्यातल्या बारीक जिवांना मारतात.

ते मासे कुणाचे? १८५४ साली दुसरा तह होऊन कीविनॉच्या खाडीच्या टोकाशी लान्स इथे ओजिब्वे लोकांना राखीव जमीन मिळाली. तहातला मासेमारीचा हक्क कागदावर होता. १९६५ मध्ये तिथल्या विल्यम जोन्ड्रो या माणसाला खाडीत लेक ट्राउट पकडले म्हणून राज्याने गुन्हेगार ठरवलं. तो भांडत राहिला. १९७१ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तह खरा आहे, हक्क शाबूत आहे. आज बफेलो रीफ वाचवायच्या कामात सरकारी खात्यांच्या बरोबरीने कीविनॉ बेचा ओजिब्वे समाज आहे. तांबं गेलं ते गेलं, पण त्याचा चुरा अजून त्यांच्याच माशांवर येतोय, आणि नव्वद वर्षांपूर्वी बंद झालेल्या गिरण्यांचं काम ते निस्तरताहेत.

गेच्या किनाऱ्यावर आम्ही तासभर होतो. काळी, खरखरीत, वाळवंटासारखी सपाट वाळू, लांबवर झाड नाही. आईने चप्पल काढली, मूठभर वाळू घेतली, बोटांतून सोडली. तांबटाच्या घरात सून म्हणून आलेली बाई. भट्टीजवळचा चुरा झाडून गोळा करायचा, मोडीत द्यायचा, हे तिने वर्षानुवर्षं केलं आहे. "ह्यात अजून असेल ना गं थोडं?" तिने विचारलं. आहे, म्हटलं, थोडं आहे. काही ठिकाणी तर कंपन्यांनीच नंतर तळ्यातून चुरा उपसून पुन्हा तांबं काढलं. टॉर्च लेकमध्ये क्विन्सीचं उपसायचं यंत्र १९६७ साली बुडालं, ते अजून अर्धं पाण्यावर दिसतं.

"अण्णा असते तर म्हणाले असते, एवढं टाकलंच कशाला," आई म्हणाली. मग चप्पल घालून गाडीकडे चालायला लागली.

आत्याला मी सांगितलंय, तो तुकडा चिंच लावून घासू नकोस. हिरवा आहे तो असू दे. फक्त अण्णांनी ठोकलेला कोपरा तेवढा बघ, घण पडल्याच्या खुणा दिसतील. तिने फोन चालू ठेवूनच चष्मा शोधला. म्हणाली, दिसतायत, चार आहेत.